हिरडी मिटली, पण हाड भरलं का?

गेल्या अंकात इम्प्लांटवर, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवायच्या स्क्रूवर, लिहिलं, त्यानंतर आलेल्या बहुतेक पत्रांत एकच काळजी दिसली: दात काढून बरेच महिने झाले, जागा नीट भरली नाही, आता इम्प्लांट बसेल का? म्हणून हा अंक याच प्रश्नासाठी. पत्रं थोडी आटोपशीर केली आहेत आणि नावं काढली आहेत.

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी बार्शीत शिक्षक आहे, वय 46. अकरा महिन्यांपूर्वी डाव्या बाजूची खालची मोठी दाढ काढली. रूट कॅनाल करून कॅप घातलेली दाढ होती, मुळाशी पू झाला होता. काढताना ती तुटली, तासभर खटपट चालली. आठ-दहा दिवस फार दुखलं, मग हिरडी मिटली. आता इम्प्लांटसाठी सोलापुरात दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) काढला आणि म्हणाले, ‘वरून जागा बंद दिसते, पण आत हाड नाही, नुसतं मऊ मांस आहे. उघडून साफ करू, हाडाची पावडर भरू, पाच महिने थांबू, मग इम्प्लांट.’ दुसऱ्या ठिकाणी विचारलं तर म्हणाले, ‘एवढं थांबायची गरज नाही, आठवड्यात स्क्रू आणि दात दोन्ही देतो.’ मला दुखत काहीच नाही. फक्त तिथं जोरात दाबलं तर बरं वाटत नाही आणि कधीकधी तोंडात खारट चव येते. कुणाचं ऐकू?

उत्तर : गुरुजी, सोलापूरच्या डॉक्टरांचं ऐका.

दात काढल्यावर खळग्यात रक्ताची गुठळी धरते. आठवडाभरात तिच्या जागी लालसर, रक्तवाहिन्यांनी भरलेला कोवळा थर येतो. दोन-तीन आठवड्यांत तळाकडून आणि भिंतींकडून कच्चं हाड धरू लागतं. दीड-दोन महिन्यांत खळगा बराचसा या कच्च्या हाडानं भरतो आणि ते पक्कं व्हायला पुढे आणखी काही महिने जातात. हिरडी मात्र तीन ते सहा आठवड्यांत वरून मिटून मोकळी होते. खाली हाड धरतंय की नाही, याची ती वाट पाहत नाही. त्यामुळे आरशात पाहून ‘जागा भरली’ असं म्हणता येत नाही, आणि नुसतं तोंड उघडून बघणाऱ्या डॉक्टरांनाही ते सांगता येत नाही.

काही जणांत कच्चं हाड धरण्याची पायरीच येत नाही. कोवळ्या थराचं रूपांतर व्रणासारख्या चिवट तंतूंत होतं आणि ते तसंच राहतं. अकरा महिनेच काय, अकरा वर्षं थांबलात तरी त्याचं आपोआप हाड होईल असं मी सांगणार नाही. मोठ्या दाढांच्या जागी हे जास्त दिसतं. कारणं अनेक असतात: मुळाशी जुना पू होता आणि तिथली रोगट पेशींची गाठ पूर्ण खरवडून निघाली नाही, मुळाचा तुकडा आत राहिला, खळग्याची एखादी भिंत फुटली, दाढ कापताना पाणी कमी पडून हाड तापलं, गुठळीच टिकली नाही. साखर आणि तंबाखू तर आहेतच. आणि काही वेळा शोधूनही कारण सापडत नाही.

तुमच्या पत्रात रूट कॅनालची दाढ, पू आणि तुटणं हे सगळं एकत्र आलंय. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती खारट चव. पुष्कळदा हिरडीत केसाएवढं तोंड उरलेलं असतं आणि त्यातून आतला स्राव अधूनमधून बाहेर पडतो. वाट असते म्हणून दाब साठत नाही, आणि दाब साठत नाही म्हणून दुखत नाही. तेव्हा ‘दुखत नाही’ यावर विसंबू नका. आहे त्या सीबीसीटीवर आत मुळाचा तुकडा दिसतो का, हेही विचारून घ्या. अगदी लहान, खोल, त्रास न देणारा तुकडा कधीकधी मुद्दाम ठेवला जातो, पण ज्या जागी इम्प्लांट जायचा आहे तिथला तुकडा काढावाच लागतो.

इम्प्लांटला हाडच का हवं, तेही सांगते. स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना 1950च्या दशकात सशांच्या हाडातल्या रक्तप्रवाहाचा अभ्यास करताना दिसलं की टायटॅनियमची नळी हाडाला अशी काही धरली की सुटेना. 1965 साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. सगळं शास्त्र त्या पकडीवर उभं आहे आणि ती पकड जिवंत हाडाशी होते. तंतूंच्या गोळ्यात बसवलेला इम्प्लांट कच्च्या मातीत ठोकलेल्या खुंटीसारखा हलतो, आणि पहिल्या काही आठवड्यांत हलणाऱ्या इम्प्लांटभोवती पुन्हा तंतूच तयार होतात. शिवाय जुना जंतुसंसर्ग आत असेल तर तो इम्प्लांटच्या टोकाशी पुन्हा डोकं वर काढतो. मग इम्प्लांट काढावा लागतो आणि सोबत उरलंसुरलं हाडही जातं. हीच जागा दुसऱ्यांदा तयार करणं पहिल्यापेक्षा किती तरी अवघड असतं, हे मिरजेच्या माझ्या दवाखान्यात मी सतत पाहते. म्हणून माझा आग्रह इतका आहे.

आता प्रत्यक्षात काय करतील? भूल देऊन हिरडी उघडतील आणि आतलं सगळं मऊ मांस खरवडून काढतील, खाली टणक, रक्त येणारं हाड लागेपर्यंत. भिंत गुळगुळीत आणि कोरडी वाटली तर बरनं, म्हणजे ड्रिलच्या बारीक टोकानं, तिला काही छिद्रं पाडतात, म्हणजे आतल्या मगजातून ताजं रक्त येतं. नवं हाड त्या रक्ताबरोबर येतं. नंतर सलाइननं धुऊन काढतात. पू नसेल आणि भिंती शाबूत असतील तर त्याच वेळी हाडाची पावडर भरून, वर पडदा ठेवून टाके घालतात. पू निघाला तर नुसती सफाई करून सहा-आठ आठवडे थांबायचं आणि पावडर दुसऱ्या वेळी भरायची. हा निर्णय जागा उघडल्यावरच होतो, तेव्हा ‘आधी का नाही सांगितलं’ असं डॉक्टरांना म्हणू नका.

एक गोष्ट तुम्ही आग्रहानं मागा. खरवडून काढलेलं मांस फेकून न देता फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजीला पाठवायला सांगा. बहुतेक वेळा अहवालात साधी सूज किंवा व्रणाचे तंतू येतात. पण कधी राहून गेलेली सिस्ट, म्हणजे द्रवानं भरलेली पिशवी, निघते, क्वचित आणखी काही. तो खर्च वाचवण्याजोगा नाही.

नंतर चार ते सहा महिने. मग पुन्हा सीबीसीटी. खालच्या दाढेखालून ओठाला संवेदना देणारी नस जाते. तिच्यापासून 2 मिलिमीटर अंतर राखून पुरेशी उंची मिळते का, हे त्यात मोजतात.

आठवड्यात दात देतो म्हणणारे चूकच आहेत असं मी पत्रावरून ठरवत नाही. खळग्याच्या पलीकडे भरपूर निरोगी हाड असेल तर सफाई आणि इम्प्लांट एकाच वेळी करता येतं. त्यांना स्कॅन समोर ठेवून एवढंच विचारा: ‘माझा इम्प्लांट नेमका कुठल्या हाडात पकड घेणार, ते दाखवा.’ बोट ठेवून दाखवलं तर पुढे बोला. नुसतंच ‘काही होत नाही’ म्हणाले तर नमस्कार करून निघा.

प्रश्न : मी पाटण तालुक्यातली. वय 52. शुगर आहे, मागच्या महिन्यात एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) 9.4 आली. पाच आठवड्यांपूर्वी खालची हलणारी दाढ काढली. जागा अजून मिटली नाही, उलट आतून लाल मांस वर आलंय, हात लावला की रक्त येतं. मी वीस-पंचवीस वर्षं मिश्री लावते. जखमेवरही थोडी लावते, त्यानं बधिर होऊन बरं वाटतं. मुलगा म्हणतो, इम्प्लांट करून टाकू. करू का?

उत्तर : ताई, तुम्हाला या अंकाची वाट पाहायला लावली नाही, पत्र वाचल्या दिवशीच फोन केला. इथे छापते आहे ते इतर बहिणींसाठी.

इम्प्लांटचा विषय आज बाजूला ठेवा. दात काढल्यावर तीन आठवड्यांनंतरही जखम मिटत नसेल, त्यातून मांस वर येत असेल, हात लावताच रक्त येत असेल, आणि घरात मिश्री, तंबाखू किंवा गुटखा असेल, तर बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी, झालीच पाहिजे, त्याच आठवड्यात. अँटिबायोटिकचा आणखी एक कोर्स देऊन बघू, असं म्हणत महिना घालवायचा नाही. दाढ एकटीच हलत होती, शेजारच्या घट्ट होत्या, असं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. कधी कॅन्सर आधी हाडात शिरून दात हलवतो आणि दात काढल्यावर त्या वाटेनं बाहेर येतो. तुमचं तसंच आहे असं मी म्हणत नाही. साखर इतकी वाढलेली असताना साधी जखमही अशी चिघळते. पण नजरेनं या दोन्हींतला फरक कुणालाच सांगता येत नाही. तांदळाएवढा तुकडा काढतात, भूल देऊनच काढतात. तुकडा घेतल्यानं रोग पसरतो हे खोटं आहे. सिव्हिल हॉस्पिटलमध्ये किंवा सरकारी दंत महाविद्यालयात हे होतं.

मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिच्यातलं निकोटिन हिरडीच्या बारीक रक्तवाहिन्या आखडवतं, आणि जखम भरायला लागतं ते रक्तच तिथं कमी पोचतं. बधिर होतं ते खरं, पण ते बरं होणं नव्हे. मिश्रीशिवाय सकाळी पोट साफ होत नाही, डोकं जड होतं, हे मला पुष्कळ जणी सांगतात आणि मला ते खरंच वाटतं. व्यसन सुटताना असं होतं. एकटीनं सुटत नसेल तर 1800-11-2356 हा सरकारचा तंबाखू सोडण्यासाठीचा मोफत क्रमांक आहे. सून किंवा मुलीकडून फोन लावून घ्या.

बायोप्सी निर्धोक आली तर जखम साफ करून, साखर आवाक्यात आणून पुढचं पाहू. एचबीए1सी 7च्या आसपास आली की मला बरं वाटतं, 8च्या वर असताना मी इम्प्लांट करत नाही.

प्रश्न : मंगळवेढ्याहून. वय 29. दोन वर्षांपूर्वी मोटारसायकलवरून पडून वरचा पुढचा दात मोडला, मग काढावा लागला. आता तिथली हिरडी आत बसली आहे, हसताना खड्डा दिसतो. डॉक्टर म्हणाले, आधी हाडाची पावडर भरावी लागेल. आमच्या घरी माळ आहे, मी स्वतः दरवर्षी वारीला जातो. ही पावडर कशाची असते? विचारायला संकोच वाटला.

उत्तर : माऊली, संकोच करू नका. हा प्रश्न रुग्णानं विचारण्याआधी डॉक्टरांनी स्वतः सांगायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

पावडर चार प्रकारची असते. पहिली तुमच्या स्वतःच्या हाडाची: हनुवटीतून किंवा खालच्या अक्कलदाढेच्या बाजूनं खरवडून घेतलेली. हाड धरण्यात ती उत्तम, पण दुसरी जखम होते. दुसरी मानवी दात्यांच्या हाडाची. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाची ऊतिपेढी असं हाड प्रक्रिया करून, किरणोत्सारानं निर्जंतुक करून देते. तिसरी गोवंशाच्या हाडाची, त्यातलं सगळं सेंद्रिय द्रव्य काढून फक्त खनिज सांगाडा ठेवलेला. जगभर ही खूप वापरली जाते, कारण ती सावकाश विरते आणि आकार धरून ठेवते. चौथी कृत्रिम, कॅल्शियम फॉस्फेटची, कारखान्यात बनवलेली. तिच्यात प्राण्याचा अंश नसतो.

पण नुसती पावडर विचारून भागत नाही. वर ठेवायचा कोलाजेनचा पडदा बहुधा गाय किंवा डुकराच्या ऊतीपासून केलेला असतो. रक्त थांबवायचा जिलेटिनचा स्पंज प्राणिजन्य. कॅटगट हा टाक्यांचा धागा जनावराच्या आतड्यापासून होतो. या सगळ्यांना पर्याय आहेत. पडद्याच्या जागी तुमच्याच रक्तापासून यंत्रात फिरवून केलेला पीआरएफचा थर, किंवा पीटीएफईचा कृत्रिम पडदा वापरता येतो (तो विरत नाही, म्हणून नंतर काढावा लागतो). टाक्यांसाठी नायलॉन किंवा आपोआप विरणारा कृत्रिम धागा चालतो. पीआरएफ एकटा मोठी उणीव भरून काढत नाही. जखम लवकर मिटायला त्याची मदत होते, एवढंच. शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि वापरलेल्या प्रत्येक वस्तूचं लेबल तुमच्या फाइलला लावून घ्या.

मला विचाराल तर तुमच्या जागी स्वतःचं हाड आणि कृत्रिम पावडर यांचं मिश्रण मी सुचवेन. पुढच्या दातांच्या बाहेरची हाडाची भिंत मुळातच फार पातळ असते, बहुतेकांत 1 मिलिमीटरपेक्षाही कमी, आणि ती दाताच्या आधारावर जगते. दात गेला की ती विरते. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका डॅनिश अभ्यासात, दाढा आणि उपदाढा काढल्यावर वर्षभरात हाडाची रुंदी जवळपास निम्मी झालेली आढळली, आणि त्यातली दोनतृतीयांश घट पहिल्या तीन महिन्यांतच. तुमची तर दोन वर्षं गेली आहेत. साधारण 4 मिलिमीटर जाडीच्या इम्प्लांटला आजूबाजूला हाड उरावं म्हणून 6-7 मिलिमीटर रुंदी लागते. तेवढी स्कॅनमध्ये नसेल तर आधी हाड वाढवून मगच इम्प्लांट. घाईत बसवला तर हिरडीतून धातूची करडी छटा दिसते, आणि ती झाकणं कठीण असतं.

वारी झाल्यावर तारीख घ्या. टाके असताना उन्हातान्हात चालणं, मिळेल तिथलं खाणं नको.

प्रश्न : कणकवलीहून. आईचं वय 71. हाडं ठिसूळ झाल्यामुळे सहा वर्षं दर आठवड्याला एक गोळी घेते. तीन महिन्यांपूर्वी खालची उपदाढ काढली. तिथं पिवळट पांढरं हाड उघडं दिसतं, दुखत नाही. तिला कवळी सोसत नाही म्हणून इम्प्लांटचा विचार होता. गोळी महिनाभर बंद ठेवून करता येईल का?

उत्तर : नाही, त्या जागी इम्प्लांट करू नका.

अशा गोळ्या घेणाऱ्या माणसाच्या जबड्याचं हाड आठ आठवड्यांहून जास्त उघडं राहिलं आणि त्या भागाला रेडिएशन दिलेलं नसेल, तर औषधामुळे जबड्याच्या हाडाचा भाग मृत झाल्याचं धरून उपचार करतात. 2003 पासून ही गोष्ट वैद्यकाला ठाऊक आहे. आठवड्याच्या गोळीवर हे क्वचितच होतं. कॅन्सरसाठी शिरेतून दिल्या जाणाऱ्या मोठ्या डोसवर त्याचं प्रमाण बरंच जास्त असतं. म्हणून घाबरून जाऊ नका, पण आईला मुखशल्यचिकित्सकाकडे न्या. क्लोरहेक्झिडिन या जंतुनाशकानं चुळा, संसर्ग असेल तर अँटिबायोटिक, टोचणारा कंगोरा हळूच घासणं, आणि मेलेला तुकडा सुटा झाला की तो अलगद काढणं, अशानं बऱ्याच जणांचं निभावतं. खोल खरवडून ‘एकदाच साफ करू’ असं मात्र कुणाला करू देऊ नका. पहिल्या पत्राच्या उत्तरात मी खरवडायला सांगितलं, इथं नको म्हणते, कारण इथलं हाड त्या नव्या जखमेलाही साथ देणार नाही.

गोळी महिनाभर बंद ठेवून विशेष फायदा नाही, कारण ती हाडात वर्षानुवर्षं राहते. आणि ज्यांना ठिसूळ हाडांसाठी दर सहा महिन्यांनी डेनोसुमॅबचं इंजेक्शन असतं त्यांनी तर ते मनानं कधीच थांबवू नये. ते चुकलं तर हाडं वेगानं झिजून पाठीचे मणके मोडू शकतात. बदल करायचा तो औषध देणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच.

शेजारचे दात मजबूत असतील तर ब्रिजचा, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या दाताचा, विचार होईल. नसतील तर ती फट तशीच राहू द्या. कवळी घातलीच तर उघड्या हाडावर तिचा जराही दाब नको.

प्रश्न : अकोल्याहून. वरची मोठी दाढ काढून तीन महिने झाले. चूळ भरली की पाणी नाकातून येतं, एका बाजूचं नाक वाहतं, वास येतो. इम्प्लांट कधी होईल?

उत्तर : वरच्या दाढांची मुळं वरच्या जबड्याच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, लागून असतात. दाढ काढताना मधला पातळ पापुद्रा फुटला की तोंड आणि सायनस जोडले जातात. 2 मिलिमीटरपर्यंतचं भोक बहुधा आपोआप बुजतं. तुमचं तीन महिने उघडं आहे, त्याला आता आतून कायमचं अस्तर आलं असणार. ते नुसत्या औषधानं बंद होणार नाही.

आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून सायनसमधला पू बरा करायचा. मग वाटेचं अस्तर काढून गालाकडची हिरडी किंवा गालातली चरबी ओढून भोक शिवतात. ते बंद राहिलं, हे काही महिने पाहायचं. त्यानंतर स्कॅन काढून हाडाची उंची मोजायची, आणि बहुतेक सायनसचा तळ उचलून खाली हाड भरावं लागेल. इम्प्लांट त्यानंतर. वर्ष लागू शकतं.

मधुमेह असेल आणि टाळूवर काळपट डाग, गालाला बधिरपणा किंवा डोळ्याभोवती सूज दिसली तर मात्र त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. 2021मध्ये आपण काळ्या बुरशीचे जे रुग्ण पाहिले, त्यांतल्या काहींची सुरुवात वरच्या जबड्यातल्या अशाच न भरणाऱ्या जागेपासून झाली होती.

तोवर नाक जोरात शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका, स्ट्रॉनं काही पिऊ नका आणि विडी-सिगारेट पूर्ण बंद ठेवा.